म्हातारी इतक्या उशिरा का मरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'पथेर पांचाली' चित्रपट आधी पाहिलात, मग कादंबरी अनुवादातून वाचलीत आणि चक्रावलात. कादंबरीत इंदिर ठाकरुण अगदी सुरुवातीलाच जाते, चित्रपटात ती चांगली निम्म्यापर्यंत जगते. कादंबरीत दुर्गाला आगगाडी दिसतच नाही, आणि चित्रपटातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग नेमका तोच. तिसरा भाग तर गायबच. हा मूळ पुस्तकावर अन्याय नाही का? आणि सत्यजित राय यांना हे चालत असेल, तर तुम्ही हाती घेतलेल्या गावाकडच्या कादंबरीची पटकथा १८० पानांवर अडकली आहे, तिच्यात किती मोडतोड करायची मुभा आहे?

मुभेचं उत्तर एका ओळीत संपतं: लेखकाचे हक्क रीतसर घेतले असतील तर हवी तेवढी. पण त्या उत्तराचा तुम्हाला काही उपयोग नाही. मी गेली पंचवीसेक वर्षं पटकथा लिहितो, त्यांतल्या काही कादंबऱ्यांवरून. मला विचाराल तर खरा प्रश्न तुमच्याच प्रश्नाच्या पहिल्या भागात आहे. म्हातारी इतक्या उशिरा का मरते? तिथूनच सुरू करू.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपात आली. तिचे तीन भाग आहेत आणि पहिल्याचं नाव 'बल्लाली बालाई'. बल्लाळ सेन राजाच्या नावावर जमा असलेली कुलीन प्रथा, म्हणजे एकेका कुलीन ब्राह्मणानं गावोगावी लग्नं करायची आणि वर्षानुवर्षं बायकोकडे फिरकायचं नाही, तिची ही पीडा. इंदिर ठाकरुण त्या प्रथेची बळी. हरिहरची ही दूरची म्हातारी बहीण, त्याच्या दुर्गा आणि अपू या मुलांची आत्या. तिच्या निमित्तानं लेखक गावाचा मागचा काळ सांगतो, घराण्यातल्या एका पूर्वजाच्या वाटमारीपर्यंत मागे जातो. मग हरिहरची बायको सर्वजया तिला घराबाहेर काढते आणि गावच्या देवीच्या मंडपात, मोठ्या माणसांसमोर, ती मरते. त्यावर निवेदक म्हणतो की तिच्याबरोबर निश्चिंदिपूर गावातला जुना काळ संपला. भाग समाप्त.

आता हे वाक्य तुम्ही पडद्यावर कसं आणाल? पुस्तकात निवेदक आहे. त्याला काळ माहीत आहे, तो वर बसून बोलू शकतो. चित्रपटात तो नाही. राय यांनी पार्श्वनिवेदन घेतलं नाही (आणि तुम्हीही घेऊ नका, त्यावर खाली बोलतो). मग त्यांनी काय केलं, तर म्हातारीला जगवलं. अपूच्या जन्मानंतर चित्रपट काही वर्षं ओलांडतो, दुर्गा मोठी होते, अपू शाळेत जाऊ लागतो, आणि म्हातारी आहेच. फाटकी शाल, चोरून आणलेलं फळ, संध्याकाळी अंगणात बसून म्हटलेलं ते 'दिवस सरला, आता पैलतीरी ने' असं आळवणारं गाणं. तिचा इतिहास पूर्ण गळाला, एक ओळसुद्धा उरली नाही. उरला तो देह.

आणि मग ती कधी मरते ते बघा. अपूनं दुर्गाच्या पेटीतला चकचकीत कागद मुकुट करायला घेतला म्हणून बहीण-भावाची जुंपते. दुर्गा पळते, अपू तिच्या मागे, आणि दोघं गावाबाहेर कधी नव्हे इतकी लांब जातात. विजेचा खांब, त्याला कान लावून ऐकलेली घरघर, काश गवताचे पांढरे तुरे आणि त्यांच्या पलीकडून काळा धूर सोडत आलेली गाडी. इकडे घरी म्हातारी आसरा मागते आणि सर्वजया देत नाही. मुलं हरखून परत येतात, तर वाटेत बांबूच्या बेटात आत्या गुडघ्यांत मान घालून बसलेली. दुर्गा गंमत म्हणून हलवते. देह कलंडतो. तांब्या घरंगळत जातो.

म्हणजे एकाच दुपारी मुलांना आगगाडी दिसते आणि मृत्यूही दिसतो. नवा काळ आणि जुन्या काळाचा शेवट. निवेदकानं एका वाक्यात सांगितलेली गोष्ट राय यांनी प्रसंगांच्या क्रमात ठेवली. हे माझं वाचन आहे. राय यांनी असं हिशेब मांडून केलं असेल असा माझा दावा नाही. पण पटकथा लिहिणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर माझ्या मते सगळ्या रूपांतराची किल्ली इथं आहे: निवेदक काढलात, की त्याला जे ठाऊक होतं ते प्रसंगांच्या क्रमाला ठाऊक असावं लागतं.

साक्षीदार बदललेत तेही पाहा. मंडपातल्या जाणत्या माणसांऐवजी दोन पोरं. जाणत्यांनी पाहिलेला मृत्यू ही गावातली एक घटना असते. पोरांनी पाहिलेल्या मृत्यूची चर्चा होत नाही, तो त्यांच्या आत जाऊन बसतो. पुढे दुर्गा आजारी पडते तेव्हा प्रेक्षकाला काहीही सांगावं लागत नाही.

आता आगगाडी. कादंबरीत दोघं एकदा रूळ बघायला निघतात, पण त्यांना गाडी काही दिसत नाही. पुढे तापात पडलेली दुर्गा भावाला म्हणते, मी बरी झाले की एकदा मला आगगाडी दाखवशील? ती बरी होत नाही. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी गाव सोडताना अपू त्याच आगगाडीत बसतो. गाव मागे पडत जातं, आणि ताई तिथेच कुठेतरी उभी राहून बघते आहे असं त्याला वाटतं. कादंबरी वाचताना माझा गळा इथं दाटला, चित्रपटात नाही. तेव्हा राय यांनी आगगाडी मधेच दाखवून टाकली, याची किंमत त्यांनी मोजलीच. एकदा गाडी दिसल्यावर दुर्गाच्या त्या मागणीला तशी धार राहू शकत नाही. आणि शेवटही बदलावा लागतो. गाडी आधीच खर्च झालेली असते, म्हणून चित्रपटात कुटुंब निघतं ते बैलगाडीतून, आणि मागे ओस पडलेल्या घरात साप शिरतो.

हे जमाखर्चाचं गणित तुम्ही शिकून घ्या. अन्याय झाला की न्याय, या भाषेत विचार केलात तर कागदावरची एक ओळ हलणार नाही. काय दिलं आणि बदल्यात काय मिळालं असं विचारलंत तर हात चालू लागेल.

एक गमतीची गोष्ट. या चित्रपटाचं चित्रीकरण २७ ऑक्टोबर १९५२ रोजी पालसितजवळच्या माळावर सुरू झालं, ते याच काशफुलांच्या प्रसंगानं. म्हणजे ज्या दिवशी काम सुरू झालं त्या दिवशी राय यांनी चित्रित केला तो पुस्तकात नसलेला प्रसंग! पुढच्या रविवारी मंडळी उरलेलं काम उरकायला परत गेली तर गुरांनी गवत फस्त केलेलं. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. याच माळावर अपूनं ताईला शोधत गवतातून चालायचं होतं. सुबीर बॅनर्जी हा पोरगा कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला नव्हता, तो सरळ चालत सुटायचा. मग राय यांनी त्याच्या वाटेत थोड्या थोड्या अंतरावर काटक्या टाकल्या, त्या ओलांडायला सांगितल्या, आणि बाजूला लपलेल्या सहाय्यकांना ठरल्या वेळी त्याला हाक मारायला लावली. पडद्यावर जी शोधणारी, बावरलेली चाल दिसते ती अशी आलेली आहे. पटकथेत 'अपू ताईला शोधतो' एवढंच लिहून काम होत नाही, हे आम्हा लिहिणाऱ्यांना कोणीतरी अधूनमधून ऐकवायला हवं.

दुसरा बदल मला याहून शिकवणारा वाटतो, पण त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. कादंबरीत दुर्गावर चोरीचा आळ एकदा नाही, दोनदा येतो. आधी मण्यांची माळ, नंतर सोन्याची कुंकवाची डबी. ती गेल्यावर ही डबी अपूच्या हाती लागते आणि तो ती बांबूच्या जंगलात भिरकावून देतो. चित्रपटात दोन्ही आळ एकत्र केले आहेत. फक्त माळ. सुरुवातीला तिच्यावरून रणकंदन होतं, दुर्गा नाही म्हणते, आई झिंज्या धरून तिला बाहेर काढते. मग तासभर आपण ते विसरतो. शेवटी घर आवरताना अपूला फळीवरच्या करवंटीत माळ सापडते, बरोबर एक कोळीही बाहेर येतो. अपू धावत जाऊन ती तळ्यात टाकतो. शेवाळ फाटतं, काळं पाणी दिसतं, आणि शेवाळ हळूहळू पुन्हा जुळून येतं.

डबी जंगलात फेकली की ती दिसेनाशी होते, बस. पाण्यावरचं शेवाळ मात्र भावानं बहिणीचं गुपित झाकलेलं आपल्याला उघड दाखवतं. दोन वस्तूंची एक केली, जागा बदलली आणि कृती तीच ठेवली. तुमच्या १८० पानांत अशा जोड्या नक्की असतील: दोन भांडणं, दोन सावकार, दोन जत्रा. कादंबरीला त्या शोभतात, कारण वाचक पुस्तक आठ दिवस वाचतो आणि पुनरुक्तीतून त्याला सहवास मिळतो. दोन तासांत पुनरुक्ती नुसती पुनरुक्ती असते.

पावसाचंही तसंच. कादंबरीत दुर्गाच्या तापाला कारण दिलेलं नाही, आणि खेड्यात माणसं मरत ती अशीच. चित्रपटात ती वळवाच्या सरीत मनसोक्त भिजते आणि आजारी पडते. काही जाणकारांना हे सोपं केलेलं वाटतं. मला नाही वाटत. तळ्यावर नाचणारे पाणकिडे, कमळाची पानं, गळ टाकून बसलेल्या माणसाच्या टकलावर पडलेला पहिला थेंब, अशी किती वेळ आपण त्या पावसाची वाट बघतो! तिच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा आनंद आणि तिचं मरण एकाच ढगातून येतं. कारण सांगण्यासाठी हा पाऊस आणलेला नाही.

मग हरिहर परत येतो. परगावी कामाधंद्याला गेलेल्या बापाला घरात काय घडलंय याचा पत्ता नाही. तो एकेक वस्तू काढतो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि दुर्गासाठी साडी. साडी हातात घेतल्यावर सर्वजयाचा बांध फुटतो, आणि तिच्या रडण्याच्या जागी आपल्याला ऐकू येते तारशहनाई, पटदीप रागात. रविशंकर यांनी या चित्रपटाचं संगीत एका रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं. तोंड उघडलेलं दिसतं, आवाज वाद्याचा. लिहिणाऱ्यासाठी यातला धडा साधा आहे: या प्रसंगात संवाद लिहायचा मोह आवरणं. मी या जागी निदान दहा ओळी लिहिल्या असत्या, आणि त्यांतल्या दोनचा मला अभिमानही वाटला असता.

काय गमावलं तेही सांगतो, नाहीतर ही आरतीच होईल. कादंबरीतला अपू होऊ घातलेला लेखक आहे. आईच्या तोंडून महाभारत ऐकताना तो कर्णासाठी हळहळतो, एकटाच रानात युद्धं खेळतो, शब्दांच्या नादाला लागतो. चित्रपटातला अपू म्हणजे मुख्यतः दोन डोळे. त्याची पहिली ओळखच गोधडीच्या भोकातून उघडणाऱ्या डोळ्यानं होते. ते सुंदर आहे, पण त्या डोळ्यांमागे काय चाललंय याचा अर्धाही भाग पडद्यावर येत नाही. विभूतिभूषण यांचं झाडाझुडपांचं वेड, नावानिशी ओळखलेली प्रत्येक वेल, रानफळ, तेही गेलं. सुब्रत मित्र यांच्या कॅमेऱ्यानं त्याची भरपाई बरीचशी केली (या कामाआधी त्यांनी एकही चित्रपट केला नव्हता, वय जेमतेम एकवीस-बावीस!), पण कॅमेरा पान दाखवतो, त्याचं नाव सांगत नाही. तिसरा भाग मात्र गमावलेला नाही. काशीचा तो भाग पुढच्या 'अपराजितो' या चित्रपटात आला. गाव सोडताना थांबणं हा पटकथेतला निर्णय होता आणि तो अचूक होता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कापायचं, जोडायचं, कारण द्यायचं, घट्ट करायचं. थांबा. इथंच बहुतेक रूपांतरं मरतात, माझंही एक मेलं. राय यांनी स्वतः लिहून ठेवलंय की पुस्तकाचा विस्कळीतपणा काही प्रमाणात राखणं भाग होतं, कारण गरीब खेड्यातलं जगणं तसंच असतं आणि खरेपणा तिथूनच येतो. मिठाईवाल्या चिनीबासचा प्रसंग आठवा. तो येतो, पोरांकडे पैसे नाहीत, तो पुढे निघतो, मागे दुर्गा, तिच्यामागे अपू, त्याच्यामागे कुत्रा, आणि ही सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी दिसते. कथेच्या दृष्टीनं हा प्रसंग काढला तरी फारसं अडत नाही. तुमच्या निर्मात्यानं तो पहिल्याच बैठकीत उडवला असता. पण तो काढून बघा, निश्चिंदिपूर हे गाव न राहता दुःखाचा कारखाना होईल. (तो कुत्रा काही केल्या मागे येईना. शेवटी दुर्गाच्या हातात पाठीमागे संदेश, म्हणजे ती बंगाली मिठाई, लपवून ठेवला, तेव्हा आला. रूपांतराच्या थोर चर्चेत संदेशाचाही वाटा असतो.)

म्हणजे सांगाडा घट्ट आणि मांस सैल. मेळ जमला तो यामुळे. म्हातारी, आगगाडी, माळ, पाऊस या चार-पाच जागी राय यांनी निर्दयपणे बदल केले, आणि उरलेल्या जागी पुस्तकाला वाहू दिलं.

हे त्यांना सुचलं कसं, यावर सगळे लंडनच्या मुक्कामाची आणि तिथे पाहिलेल्या 'बायसिकल थीव्ज' या इटालियन चित्रपटाची गोष्ट सांगतात. ती खरी आहेच. पण मला त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सिग्नेट प्रेसनं १९४४च्या सुमारास या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढली, 'आम आंटीर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. तिची चित्रं काढायचं काम राय यांच्याकडे आलं. तेव्हा ते जाहिरातीच्या कंपनीत होते. कादंबरी त्यांच्या हाती गंभीरपणे आली ती आधीच छाटलेली, आणि त्यांना शोधायची होती चित्रं. त्यांतली काही पुढे पडद्यावर शॉट होऊन आली. पूर्ण लिहिलेली पटकथा त्यांच्याकडे कधीच नव्हती, होती ती टिपणं आणि रेखाटनांची वही. तुम्हाला चित्र काढता येत नसेल, मलाही येत नाही. पण एक काम करता येतं: कादंबरी बाजूला ठेवा आणि आठवणीतून, पान न उघडता, तिच्यातल्या फक्त दिसलेल्या गोष्टी लिहून काढा. माझ्या अनुभवात चाळीस-पन्नासच्या वर जात नाहीत. तुमचा चित्रपट बहुधा त्यांतच असतो.

पैशांची रडकथा मी फार सांगणार नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. विमा, दागिने गहाण पडले, काम महिनोन्‌महिने बंद राहिलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले. या तीन वर्षांत अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा वाढली नाही आणि इंदिर ठाकरुण झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी गेल्या नाहीत, याला राय चमत्कार म्हणत. प्रदर्शनाआधी मात्र त्या वारल्या. चित्रपट कोलकात्यात लागला २६ ऑगस्ट १९५५ला, त्याआधी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखवला गेला होता. मग राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, १९५६ साली कान महोत्सवात मानवी दस्तऐवज म्हणून खास पुरस्कार. जाता जाता, तेच सुवर्णपदक सगळ्यांत पहिल्यांदा मिळालं होतं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, आणि तेही पुस्तकावरूनच. साने गुरुजींचं पुस्तक तर रात्री-रात्रींनी सांगितलेलं, म्हणजे निवेदक पानापानावर हजर. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, निवेदकाचा प्रश्न किती वेगवेगळ्या रूपांत येतो ते दिसेल.

आता तुमच्या १८० पानांकडे. तुम्ही पाठवलेल्या वनलाइनमध्ये, म्हणजे प्रसंगांच्या ओळीओळीच्या यादीत, मला सात ठिकाणी 'निवेदन' असा शब्द दिसला. मी वर माझं एक मेलेलं रूपांतर म्हणालो, ते असंच गेलं. पुस्तक नावाजलेलं होतं, लेखकाची भाषा इतकी गोड की मी ती निवेदनात ठेवली. कादंबरीत तिसाव्या पानावर एक आजी वारते आणि लेखक तिच्यावर दोन पानं जीव ओवाळून टाकतो. आम्ही तिला दहाव्या मिनिटाला मारली, वर लेखकाचा उतारा ऐकवला. पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. आजी गेली तेव्हा पुढचा माणूस मोबाइल बघत होता. त्याची चूक नव्हती, त्याची आजीशी ओळखच झाली नव्हती. एडिटच्या टेबलावर निवेदन काढलं तेव्हा कळलं की त्याखाली काही चित्रित केलेलंच नाही. नुसती शेतं.

तेव्हा आधी ती सात निवेदनं घ्या. प्रत्येकात निवेदकाला असं काय माहीत आहे जे पात्रांना माहीत नाही, ते एका वाक्यात लिहा. मग बघा की तुमच्याकडच्या कोणत्या दोन प्रसंगांना शेजारी आणून ठेवलं तर ते वाक्य न बोलता कळेल. सातांपैकी चारांना जोडी सापडेल. दोन निवेदनं अशी निघतील की त्यांत काहीच नव्हतं, फक्त भाषा होती. ती वाईट वाटत वाटत सोडा. उरलेल्या एकासाठी नवा प्रसंग लिहावा लागेल, पुस्तकात नसलेला, आणि त्याचीच तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती वाटेल. तो आधी लिहा.

आणि तुमच्या गोष्टीतला तो आंधळा गुरव, जो कादंबरीत दुसऱ्याच प्रकरणात जातो आणि ज्याला तुम्ही 'फ्लॅशबॅकमध्ये' असं लिहून कोपऱ्यात टाकलंय, त्याला आणखी चाळीस पानं जगू द्या.